औषध-जीन तपासणीचं पॅकेज: पानं चाळीस, कामाची तीन

बडोद्याच्या रावपुऱ्यात आमचं मेडिकल आहे आणि काउंटरवर बहुतेक वेळ मीच असते. हल्ली एका तपासणीची पत्रकं आमच्याकडे येऊन पडायला लागली आहेत. चकचकीत कागद, त्यावर डीएनएची निळी पिळदार शिडी आणि खाली 'तुमच्या जीन्सना मानवणारं औषध'. बिल होईस्तोवर गिऱ्हाईक ते चाळतं आणि विचारतं, "बेन, आ कराववा जेवुं छे?" म्हणजे, ताई, हे करून घेण्यासारखं आहे का? प्रत्येकाला उभ्या-उभ्या सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. तपासणी आमच्याच घरात झाली आहे, माझ्या थोरल्या दिरांची. साडेबारा हजार मोजले. दुकानदार म्हणून सवलत देत होते ती घेतली नाही, त्यामुळे बरंवाईट दोन्ही लिहायला मोकळी आहे. लॅबचं नाव घेत नाही. मला जे खटकलं ते असल्या कुठल्याही पॅकेजमध्ये तपासून घेण्यासारखं आहे, म्हणून नावापेक्षा ते महत्त्वाचं.

दादा, म्हणजे माझे दीर, मांजलपूरला राहतात, बँकेतून निवृत्त. अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला आणि क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन, रोसुव्हास्टॅटिन अशी नेहमीची मंडळी सुरू झाली, पहिली दोन रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, तिसरी कोलेस्टेरॉलसाठी. डायबिटीसचं मेटफॉर्मिन आधीपासून, चांगलं दहा-बारा वर्षांचं. पुण्याला असलेल्या पुतण्याने कुठेतरी वाचलं की क्लोपिडोग्रेल काही लोकांना लागूच पडत नाही. लागला मागे, "काकू, तू तरी बाबांना सांग." मी सांगितलं, कारण पोराचं म्हणणं खरं होतं.

क्लोपिडोग्रेलची गंमत अशी की आपण गिळतो ते औषध नसतंच, औषधाचा कच्चा माल असतो. पोटात गेल्यावर त्यातला जवळजवळ ८५ टक्के भाग शरीर निकामी करून टाकतं. उरलेल्यावर यकृतात दोन टप्प्यांत प्रक्रिया होते, तेव्हा कुठे प्लेटलेट्सना चिकटू देणार नाही असा खरा पदार्थ तयार होतो. या कामातलं मुख्य एन्झाइम सीवायपी२सी१९. त्याच्या जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. *२ नावाची प्रत निरुपयोगी, तिच्यापासून चालणारं एन्झाइम बनतच नाही. दोन्ही प्रती तशा असल्या तर गोळी रोज घेऊनही न घेतल्यासारखी. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक खात्याने, २०१० मध्ये या औषधावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला तो याच लोकांसाठी. आणि हे प्रकरण आपल्याकडे दुर्मिळ अजिबात नाही. युरोपियन लोकांत *२ चं प्रमाण सातातली एक प्रत असं धरलं, तर दक्षिण आशियात ते तीनातली एक प्रत असं आहे. हिशोब केला तर निम्म्याहून जास्त लोकांकडे ही प्रत निदान एक तरी निघते. तेव्हा ज्याला स्टेंट बसलाय आणि क्लोपिडोग्रेल सुरू आहे, त्याने ही एक तपासणी करून घेण्यात काहीच वावगं नाही.

आता सेवेबद्दल. सॅम्पल घ्यायला मुलगा घरी आला, वेळेवर आला, हात चांगला होता. जांभळ्या टोपीची एक नळी रक्त, बस. उपाशीपोटी राहायचं नव्हतं. इथपर्यंत पैकीच्या पैकी. मग त्याने टॅबवर फॉर्म भरायला घेतला. 'सध्या चालू असलेली औषधं' म्हणून एक रकाना होता, मोठा, पाच-सहा ओळी मावतील एवढा. मी तोंड उघडायच्या आत त्याने तो सोडून पुढचं पान काढलं. विचारलं तर म्हणे, "आंटी, वो ऑप्शनल है." औषधांच्या तपासणीत औषधांचा रकाना ऑप्शनल! मी तो भरायला लावला, पण तो टॅबच्या पलीकडे कोणी वाचला असेल असं पुढे तरी दिसलं नाही.

संमतीपत्राच्या शेवटी 'माझा डेटा संशोधनासाठी वापरायला हरकत नाही' या चौकोनात बरोबरची खूण आधीच होती. दादांनी चष्मा शोधेपर्यंत सही झाली असती. खूण काढायला लावली. संशोधनाला माझा विरोध नाही, पण विचारून करा. डीएनए दादांचं असलं तरी त्यातलं सरासरी निम्मं त्यांच्या सख्ख्या भावाशी, म्हणजे आमच्या ह्यांच्याशी जुळतं, आणि ह्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.

रिपोर्ट कबूल केलेल्या तारखेनंतर बऱ्याच उशिरा आला, दोनदा फोन करावा लागला. पीडीएफ, चाळीस पानं. पहिली पाच-सहा पानं नुसती चित्रं आणि अभिनंदन. सातव्या पानावर मुद्दा: सीवायपी२सी१९, *१/*२, मध्यम गती. म्हणजे एक प्रत धड, एक निकामी. पुढे सल्ला: क्लोपिडोग्रेलऐवजी त्याच कामाच्या प्रसुग्रेल किंवा टिकाग्रेलॉरचा विचार करावा. जीन बघून औषध कसं द्यावं हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय सीपीआयसी गटाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही स्टेंटच्या रुग्णाला हेच सांगतात, आणि रिपोर्टने तो आधार नीट छापला होता. हे पान सुरेख होतं. ज्या कुठल्या माणसाने ते लिहिलं त्याला विषय कळतो.

रिपोर्ट घेऊन दादांच्या हार्टच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेट सातवं पान काढलं, बाकीचं उघडलंही नाही. मग म्हणाले की यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही. २०२० साली टेलर-पीसीआय नावाचा मोठा अभ्यास छापून आला, ५,३०२ रुग्णांचा. निकामी प्रत असलेल्यांमध्ये जीन बघून औषध दिलं तिथे वर्षभरात ४ टक्के लोकांना हार्ट अटॅक, स्ट्रोक, मृत्यू असलं काही झालं, आणि नेहमीप्रमाणे क्लोपिडोग्रेल दिलं तिथे ५.९ टक्के. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला अगदी थोडक्यात उतरला नाही. उलट २०१९ च्या डच अभ्यासात जीन चांगले निघालेल्यांना जोरकस औषधावरून क्लोपिडोग्रेलवर आणलं, तर अपाय वाढला नाही आणि रक्तस्राव कमी झाला. डॉक्टर एवढं समजावून सांगतात हे मला आवडलं. आमच्या गावात रांग केवढी असते ते सगळ्यांना माहीत आहे.

मग त्यांनी दादांना विचारलं, पूर्वी कधी लकव्यासारखं, बोबडी वळल्यासारखं झालं होतं का? झालं होतं. चारेक वर्षांपूर्वी, अर्ध्या तासात बरं वाटलं म्हणून घरात कोणी मनावर घेतलं नव्हतं, पण फाइलमध्ये नोंद होती. अशा माणसाला प्रसुग्रेल देत नाहीत, मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणजे रिपोर्टने सुचवलेल्या दोन पर्यायांपैकी एक दादांसाठी सरळ बाद. रिपोर्टला हे कळणार कसं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! राहिलं टिकाग्रेलॉर. ते यकृताच्या मेहेरबानीवर नसतं, गिळल्यावर स्वतःच काम करतं, पण दिवसातून दोनदा घ्यावं लागतं आणि काहींना त्याने दम लागल्यासारखं होतं. दादांना सुरुवातीला लागला, मग कमी झाला. रात्रीची गोळी विसरतात ती गोष्ट वेगळी, त्यासाठी वहिनी आहेत.

पण या सगळ्यातला खरा मासला पुढेच आहे. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या संध्याकाळी मी दादांना म्हटलं, घरात असतील नसतील तेवढ्या पट्ट्या पिशवीत भरून दुकानात आणा, न घेत असलात तरी आणा. काउंटरवर पिशवी उपडी केली. त्यात अर्धी संपलेली ओमेप्राझोलची पट्टी निघाली. ॲसिडिटीसाठी, मांजलपूरच्याच एका दवाखान्यातून लिहून घेतलेली, तिथल्याच दुकानातून आणलेली, रोज सकाळी एक. हार्टच्या डॉक्टरांना पत्ता नाही, मला पत्ता नाही. ओमेप्राझोल सीवायपी२सी१९ लाच अडवून धरतं. क्लोपिडोग्रेलसोबत ते टाळा असं एफडीएने २००९ मध्येच सांगितलेलं आहे. दादांचं यकृत म्हणजे दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर, त्यातली एक शेगडी जन्मापासून बंद, आणि चालू होती तिच्यावर ओमेप्राझोलने आपलं पातेलं चढवून ठेवलेलं. कागदावर 'मध्यम गती', प्रत्यक्षात त्याहून मंद. साडेबारा हजारांच्या रिपोर्टमध्ये याबद्दल एक ओळ नाही. लॅबच्या समुपदेशक बाईंचा फोन आला होता, बोलायला फार गोड, वीस मिनिटं शांतपणे जीन म्हणजे काय ते समजावून दिलं, पण 'ॲसिडिटीची गोळी घेता का' हे विचारलं नाही. ओमेप्राझोल बंद होऊन पँटोप्राझोल सुरू झालं. ते या एन्झाइमला फारसा त्रास देत नाही.

बाकीची पानं भराभर सांगते. मेटफॉर्मिनच्या पानावर हिरवी टिकली आणि 'सामान्य चयापचय'. मेटफॉर्मिनचं यकृतात चयापचय होतच नाही, ते जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. त्याला पेशीत आतबाहेर करणारी वाहक प्रथिनं असतात आणि त्यांच्या जीन्समध्ये फरक असतात, पण ते लिहायचं तर वेगळं लिहायला हवं. इथे साचा एकच, औषधाचं नाव बदललं की झालं. रोसुव्हास्टॅटिनचं पान बरं आहे. कॉफीचं एक पान आहे, त्यात दादांना कॅफीन उशिरा पचतं म्हणून संध्याकाळी टाळावं असा सल्ला. दादा दुपारी चारला आणि रात्री जेवल्यावर आल्याचा चहा घेतात आणि ढाराढूर झोपतात.

कोडीनचं पान मात्र मला वाचावंसं वाटलं, कारण खोकल्याच्या औषधांमुळे त्याच्याशी आमचा रोजचा संबंध, रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते. कोडीनही कच्चा माल. सीवायपी२डी६ हे एन्झाइम त्याचं मॉर्फिन करतं. हे एन्झाइम सापडलं त्याची कथा कॉलेजात सरांनी सांगितली होती. लंडनच्या सेंट मेरीज मेडिकल स्कूलमधले रॉबर्ट स्मिथ सहकाऱ्यांसोबत स्वतःवरच डेब्रिसोक्विन नावाच्या रक्तदाबाच्या औषधाचा प्रयोग करत होते. बाकीच्यांना काही झालं नाही, स्मिथ साहेबांचा दाब इतका उतरला की उभं राहता येईना. त्यांच्या लघवीत औषध जवळजवळ तसंच्या तसं निघालं, इतरांच्या शरीराने ते बदलून टाकलं होतं. हा फरक घराण्यातून चालत येतो हे १९७७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. काही लोकांत याच्या उलट असतं, या जीनच्या दोनाऐवजी तीन-तीन प्रती असतात, आणि कोडीनचं मॉर्फिन भराभर होतं. लहान मुलांचे श्वास त्यामुळे थांबले आहेत. एफडीएने २०१७ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नका असं म्हटलंय.

आता दादांच्या रिपोर्टमध्ये सीवायपी२डी६ 'सामान्य' आहे. पण शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, एक वाक्य आहे: जीनच्या प्रतींची संख्या या तपासणीत मोजलेली नाही. म्हणजे जी गोष्ट धोक्याची, तीच बघितलेली नाही, आणि पुढे हिरवी टिकली. तसंच सीवायपी२सी१९ मध्ये *२, *३ आणि *१७ एवढेच बदल शोधले. 'सामान्य' याचा अर्थ 'आम्ही जे शोधलं त्यातलं काही सापडलं नाही' इतकाच. हे वाक्य छापलं याबद्दल शाबासकी, पण ते पहिल्या पानावर हवं होतं.

सगळ्यात राग आला तो रोगांच्या भागाचा. पॅकेजमध्ये 'आजारांचा कल' म्हणून सातआठ पानं जोडलेली आहेत, फुकट. त्यात एमटीएचएफआर या जीनची एक प्रत बदललेली निघाली म्हणून लाल रंग, हृदयविकार आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इशारा, आणि शेजारीच त्यांच्याच ब्रँडच्या मिथाइलफोलेट गोळ्यांची, म्हणजे फोलेट या जीवनसत्त्वाच्याच एका रूपाची, जाहिरात. वहिनींनी ते पान वाचून दोन दिवस जेवण सोडल्यासारखं केलं. अहो, ही एक प्रत असलेली माणसं पुष्कळ असतात, आणि गुठळ्यांसाठी ही तपासणी करू नका असं अमेरिकेच्या वैद्यकीय आनुवंशिकी कॉलेजने २०१३ मध्येच सांगितलंय. या इशाऱ्यामागचा तर्क असा की या बदलाने रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढतो. पण तो वाढायचं आपल्याकडचं मोठं कारण साधं आहे, बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक कित्येक वर्षं हेच सांगतायत. दादा जन्माचे शाकाहारी, त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं, त्याने बी१२ आणखी खाली येतं, त्यात ॲसिड मारणारी गोळी, तिनेही बी१२ नीट शोषलं जात नाही. तळपायांना मुंग्या येतात ही त्यांची तक्रार जुनीच, वयावर ढकललेली. मी दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या लॅबमध्ये बी१२ करायला लावलं. १३८ आलं, दोनशेच्या वर तरी हवं. त्यांचे डायबिटीसचे डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं सुरू करू. इथे जर जाहिरातीप्रमाणे नुसतं फोलेट सुरू केलं असतं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसला असता आणि नसा आतून खराब होत राहिल्या असत्या. हे फार्मसीच्या पुस्तकात पूर्वीपासून आहे.

आणि जे असायला हवं होतं ते नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वायव्हॅक्स मलेरियाच्या चिठ्ठ्या येतात, त्यात प्रायमाक्वीन चौदा दिवस. जी६पीडी एन्झाइम कमी असलेल्या माणसाला त्याने रक्तपेशी फुटून कावीळ, काळपट लघवी होते. ही भानगड १९५६ मध्ये उलगडली, म्हणजे औषध आणि जीन यांच्या नात्यातला हा सगळ्यात जुन्या धड्यांपैकी एक. पारशी आणि सिंधी समाजात ही कमतरता बरीच जास्त आहे, आणि बडोद्यात दोन्ही समाज आहेत. भारतात आढळणाऱ्या एका बदलाचं तर नावच 'केरळ-कल्याण' आहे. चाळीस पानांत जी६पीडी कुठेच नाही. त्यासाठी डीएनए उकलायचीही गरज नसते, एन्झाइमची साधी रक्ततपासणी पुरते, आणि ती या पॅकेजपुढे किरकोळ किमतीत होते.

तर मला कोणी विचारलं तर मी असं सांगते. स्टेंट बसलाय आणि क्लोपिडोग्रेल लिहून दिलंय? एकट्या सीवायपी२सी१९ ची तपासणी मागा. मी चौकशी केली तिथे ती या पॅकेजच्या पाव किमतीत होत होती. आतड्याच्या सुजेसाठी किंवा संधिवातासाठी अझाथायोप्रिन सुरू होणार असेल तर एनयूडीटी१५ या जीनची तपासणी विचारा, या औषधासाठी बघतात त्या टीपीएमटी या दुसऱ्या जीनपेक्षा आपल्या लोकांत तोच जास्त दगा देतो, पांढऱ्या पेशी धडाधड उतरतात, केस मूठमूठ गळतात. फिट येतात म्हणून कार्बामाझेपीन सुरू होणार असेल तर एचएलए-बी*१५:०२ हा जीनचा प्रकार तपासा. त्याचा चयापचयाशी संबंध नाही, ते प्रतिकारशक्तीचं खातं आहे, पण अंगाची कातडी सोलवटून निघण्याइतकी भयंकर रिॲक्शन या तपासणीने टळू शकते. या तिन्ही ठिकाणी औषध ठरलेलं असतं आणि प्रश्न नेमका असतो. काहीच चालू नसताना 'असू दे घरात' म्हणून पूर्ण पॅकेज घ्यायचं असेल तर तुमचे पैसे. रिपोर्ट शिळा होत नाही हे खरं आहे, पण कुठल्या वर्षी कुठले बदल तपासले होते तेवढं पान जपून ठेवा.

लॅबला माझ्याकडून पाचपैकी तीन. सॅम्पल, सातवं पान आणि फोनवरच्या बाईंचा स्वभाव यांचे तीन. दोन कापले ते औषधांचा रकाना, एमटीएचएफआर आणि आधीच केलेली ती खूण यांच्यासाठी. हे सगळं मी त्यांना ईमेलवर कळवलंसुद्धा. उत्तरात 'तुमचा अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे' आणि सोबत कुटुंबातल्या दुसऱ्या सदस्यासाठी वीस टक्के सूट. ह्यांच्याकडे *२ असण्याची शक्यता चांगलीच आहे, सख्खे भाऊ आहेत. पण ह्यांना सध्या एकही गोळी चालू नाही, तेव्हा कूपन काउंटरवर पडून आहे, कोणा स्टेंटवाल्याला हवं असेल तर घेऊन जा.